शब्दवेध : तंदूर

दिल्लीत दर्यागंजला गेलात तर एखाद्या तंदुरापाशी पाच मिनिटं नक्की उभे राहा. मातीचा रांजण ओट्यात गळ्यापर्यंत पुरलेला, तळाशी निखारे फुललेले. कारागीर रोटी कापडी गादीवर पसरतो, हात खांद्यापर्यंत आत घालतो आणि ती भिंतीवर थापतो. मिनिटभरात दोन सळयांनी ती बाहेर! कडेला काळे ठिपके, मधे फुगवटा, आणि भाजलेल्या मातीचा तो वास.

हा शब्द आपल्याला फारसीतून आला, पण तो फारसीहूनही जुना आहे. मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत भट्टीला ‘तिनूरु’ म्हणत. हिब्रू आणि अरबीत त्याचं ‘तन्नूर’ झालं, फारसीत ‘तनूर’, तुर्कीत ‘तंदर’. उर्दूत आजही ‘तनूर’ आणि ‘तंदूर’ दोन्ही चालतात. ‘तंदुरुस्त’शी मात्र याचं काही नातं नाही, तिथे ‘तन’ म्हणजे शरीर.

पंजाबात गल्लीचा एक सामाईक तंदूर असे. बायका घरून कणीक मळून आणत आणि तिथे रोट्या लावत. ‘सांझा चूल्हा’ म्हणतात तो हाच. फाळणीत पेशावरहून आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि कुंदनलाल जग्गी यांनी १९४७ साली दर्यागंजात ‘मोती महल’ उघडलं आणि तंदुरी कोंबडी दिल्लीची झाली. घरदार, शेजार, गाव, सगळं मागे राहिलेल्या माणसांनी सोबत आणली ती भट्टी, आणि तिचं चार हजार वर्षांचं नाव. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.