वऱ्हाडचा कापूस आणि परदेशी गुंतवणूक : जळगाव जामोद परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

व्यक्तीच्या समभागसंचात परदेशी गुंतवणुकीला स्थान असावे काय, हा प्रश्न सामान्यतः वाणिज्य शाखेचा मानला जातो. प्रस्तुत लेखात तो सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोद परिसराच्या इतिहासातून तपासला आहे.

१९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात असलेल्या या तालुक्याचे प्रमुख नगदी पीक कापूस होते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि भारतीय कापसाचे भाव भडकले. मुंबईत या पैशातून समभागांचा सट्टा माजला. १८६५ मध्ये युद्ध संपताच तो कोसळला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनिक त्यात बुडाले, बँक ऑफ बॉम्बेही सावरली नाही. मुंबईची ही कथा सर्वपरिचित आहे. वऱ्हाडची स्थिती मात्र अधिक बोधक वाटते. शेतकऱ्याचे उत्पन्न, सावकाराची येणी, अडत्याची उलाढाल आणि जमिनीची किंमत ही चारही एकाच भावावर अवलंबून होती व तो भाव लिव्हरपूलला ठरत असे. परदेशातील जोखीम घरात आली होती, परदेशातील मालमत्ता मात्र कोणाकडेच नव्हती.

याउलट चित्र रेल्वेचे. मलकापूर, नांदुरा, शेगावमार्गे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. जलंब-खामगाव शाखा १८७० मध्ये सुरू झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे भांडवल लंडनमध्ये उभारलेले, त्यावर पाच टक्के परताव्याची हमी, आणि तूट पडल्यास भरपाई भारताच्या महसुलातून. भारतीय भागधारक अत्यल्प होते. इंग्रज भागधारकाने आपली गुंतवणूक परदेशात विभागली खरी, पण तिची जोखीम येथील करदात्याने वाहिली!

पुढे १९३९ मध्ये युद्धकालीन विनिमय नियंत्रण आले. १९४७ व १९७३ च्या कायद्यांनी ते दृढ केले, तर १९९९ च्या कायद्याने सैल केले. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेने निवासी व्यक्तीस वर्षाला २५,००० डॉलर परदेशी पाठविण्याची मुभा दिली; २०१५ पासून ही मर्यादा २,५०,००० डॉलर आहे.

अर्थात परदेशी समभाग म्हणजे सुरक्षितता नव्हे. २००८ मध्ये सेन्सेक्स निम्म्याहून अधिक घसरला, अमेरिकी बाजारही सुमारे ३८ टक्के पडला. परंतु त्याच वर्षी डॉलर सुमारे ३९ रुपयांवरून ४८ च्या पुढे गेला. त्यामुळे अमेरिकी समभाग बाळगणाऱ्याचे नुकसान रुपयात मोजता पाव भांडवलाच्या आसपासच राहिले. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या प्राध्यापकाचे वेतन, अंशदायी निवृत्तीवेतन योजनेतील संचय, घर व ठेवी हे सर्व रुपयातच असते. कापसाच्या जागी येथे एकच चलन आहे, एवढाच फरक.