हत्यारं जपायची की झिजवायची?

फर्निचर दुरुस्तीच्या जुन्या दुकानातली पेटी उघडून बघा. ज्या हत्याराने सगळ्यात जास्त काम केलं, तेच सगळ्यात कमी उरलेलं असतं.

रंध्याचंच पातं घ्या. बोथट झालं की सहाणेवर घासायचं, म्हणजे दर वेळी थोडं कमी होणार. जुन्या लाकडी रंध्यांचं पातं तर अख्खं पोलादाचं नसायचंच. पोलाद महाग, म्हणून लोखंडी पट्टीला धारेच्या बाजूने पोलादाचा पातळ थर जोडायचे. तो संपला की पातं बाद! त्यामुळे तीन पिढ्या राबलेलं हत्यार संग्रहालयापर्यंत पोचणं कठीणच.

मग अठराव्या शतकातली हत्यारं नवीकोरी असताना कशी होती, हे आपल्याला कळलं कसं? उत्तर गमतीशीर आहे. एकाने ती फारशी वापरलीच नाहीत!

इंग्लंडमधल्या केंट परगण्यात जोसेफ सीटन नावाच्या गृहस्थांनी डिसेंबर १७९६ मध्ये लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएलकडून मुलासाठी, बेंजामिनसाठी, हत्यारांचा संच घेतला. बेंजामिनने १७९७ मध्ये त्यासाठी सुरेख पेटी बनवली आणि आतल्या मालाची यादीही ठेवली. रंधे, पटाश्या, शेफिल्डच्या केन्यनच्या करवती... सगळं जवळजवळ तसंच राहिलं. आज ती पेटी रोचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात आहे आणि त्या करवती पाहून आजचे काही कारागीर तशाच करवती बनवतात.

पुढे अमेरिकेत लिओनार्ड बेलीने पातं वरखाली करायला पाचर आणि हातोडीऐवजी स्क्रूचं चाक आणलं. स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये त्याची पेटंटं घेतली. आजचे बहुतेक लोखंडी रंधे त्याच घराण्यातले.

आता घरची गोष्ट. आमचा जुनं फर्निचर दुरुस्त करायचा धंदा आहे. मी कीबोर्ड बडवतो, दुकान चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, सांभाळतो. आजोबांचा रंधा बेलीच्याच पद्धतीचा. बॉडी तीच, पातं मात्र तिसरं! काकांचं म्हणणं, "आता बाबांची आठवण म्हणून काचेच्या कपाटात ठेवा." दादा म्हणतो, "कपाटात ठेवलात तर माझ्या पोराला काय शिकवू?"

मला दोघांचंही पटतं. सीटनच्या पेटीने हत्याराचा आकार जपला, हे खरंच. पण सागवानी कपाटाच्या जुन्या, किंचित उंचसखल फळीवर पातं किती बाहेर ठेवायचं, कुठे हात हलका करायचा, हे कुठल्याही पेटीत राहत नाही. ते दादाच्या हातात आहे. त्याला ते काकांनी शिकवलं, काकांना आजोबांनी. रंधा कपाटात गेला की ती साखळी तुटणार, आणि तिचा बॅकअप कुठेच नाही.

पण सीटनकडून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, ती यादी! कुठलं हत्यार कोणी घेतलं, पातं कधी बदललं, मूठ कोणी बसवली, हे काकांना तोंडपाठ आहे. लिहिलेलं मात्र एक अक्षर नाही, आणि काका आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत.

तेव्हा ठरलंय असं : रंधा दुकानात राहणार, रोज झिजणार. दर रविवारी मी काकांसमोर वही घेऊन बसणार. काल पहिली सात हत्यारं झाली. काका आत्ताशी पटाश्यांपर्यंत आलेत.