काशीचा निर्णय आणि पानातला मासा

अमेरिकेतील लुइझियाना राज्यात ‘केजन’ लोकांची एक भोजनपद्धती रूढ आहे. खेकडे, कोळंबी, गोड्या पाण्यातले क्रॉफिश, मक्याची कणसे आणि बटाटे एकाच मोठ्या पातेल्यात तिखट मसाल्यासह उकडायचे, मेजावर कागद अंथरून सारे त्यावर ओतायचे आणि भोवती जमलेल्यांनी हातांनी खायचे. अशी साधी उपाहारगृहे परदेशस्थ मराठी कुटुंबांनाही आता अपरिचित नाहीत. या केजनांचे पूर्वज कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील अकेडियाचे फ्रेंच; १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तेथून हुसकून लावले. त्यांच्या मेजावर पान नाही, की पंगतीचा क्रम नाही. आपल्याकडे मात्र कोणी कोणाच्या पंक्तीला बसावे, हा प्रश्न कोकणातून थेट काशीपर्यंत गेला होता.

काशीच का, याचे उत्तर मराठी आहे. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वरभट्ट काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांची विद्वत्ता एवढी मान्यता पावली की, पुढे या घराण्याचा शब्द दक्षिणेतही प्रमाण मानला जाऊ लागला. घर सोडून गेलेल्यांकडेच घरचे तंटे निवाड्यासाठी येऊ लागले!

१६५७ मध्ये विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरली. देवरुखे ब्राह्मणांच्या पंक्तीस बसण्यास इतर महाराष्ट्रीय ब्राह्मण नकार देत होते. सभेने देवरुख्यांच्या बाजूने निर्णयपत्र दिले. (तो मंडप नंतर फार काळ राहिला नाही; १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने ते मंदिर पाडले गेले.)

सारस्वतांचा, म्हणजे शेणव्यांचा, वाद अधिक चिवट होता. कारण तेथे आक्षेपाला मासा सापडला होता. अध्ययन, यजन आणि दान ही तीनच कर्मे यांना लागू. अध्यापन, याजन व प्रतिग्रह यांचा अधिकार मत्स्याहारींना नाही, असे प्रतिपक्षाचे म्हणणे. १६६४ मध्ये नारायणभट्टांचे वंशज गागाभट्ट यांच्या पुढाकाराने राजापुरास धर्मसभा झाली आणि निर्णय सारस्वतांच्या बाजूने लागला. दहा वर्षांनी याच गागाभट्टांनी रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. तो प्रसंग आपण शाळेत पाठ केला. माशाचा निवाडा मात्र आपल्याला क्वचितच कोणी सांगितला.

प्रस्तुत लेखकाला वाटते, मासा हे निमित्त होते. काशीत राहणाऱ्या पंडितांना मत्स्याहारी ब्राह्मण नवखा नव्हता. मैथिल व बंगाली विद्वान त्याच घाटांवर स्नान करीत आणि मासा त्यांच्या घरी मंगलकार्यातही चाले. आजही बंगाली टोला काशीतच आहे. त्याच समाजात विधवेच्या पानातून मात्र मासा काढून घेतला जाई आणि काशीवासास आलेल्या असंख्य बंगाली विधवांनी ते आयुष्यभर सोसले. मासा कोणाला शोभतो, हे माशावरून ठरत नसे, खाणाऱ्यावरून ठरे.

निर्णयपत्रे झाली, पण पंगती लगेच बदलल्या नाहीत. सारस्वतांच्या षट्कर्माधिकाराचा वाद पेशवाईत आणि पुढे एकोणिसाव्या शतकातही पुनःपुन्हा उकरून काढला गेला. परप्रांतात मात्र मराठी घरे मोजकीच असत. तेथे दोन पंगती मांडायच्या तर दोन्ही अर्ध्या रिकाम्या राहिल्या असत्या.