बंगळूरला गेलेलं भीमथडी तट्टू

अमेरिकेतल्या मस्टँगची कथा बहुतेकांना ठाऊक असते: स्पॅनिशांनी नेलेले घोडे सुटले, माळरानावर वाढले, आणि 1971 च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं. आपल्याकडे फौजेतून सुटून धनगरांबरोबर माळावर तगलेलं जनावर म्हणजे भीमेकाठचं भीमथडी तट्टू. त्याची एक वाट थेट बंगळूरला जाते, असं माझं ठाम मत आहे.

दुवा शहाजीराजांचा. भीमथडीतलं सुपे त्यांच्या जहागिरीत होतं. 1638 मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाने बंगळूर घेतलं आणि तेही राजांकडे आलं. भीमेकाठचे स्वार तिकडे पायी खचितच गेले नसतील!

पुढे बंगळूर म्हैसूरकडे गेलं, आणि म्हैसूरच्या फौजेत शिलेदारांचं घोडदळ दिसतं. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. तो मेला की नुकसान त्याचंच. अशा माणसाला देखणा पण नाजूक अरबी परवडत नाही. त्याला कडब्यावर निभावणारं, घाट चढणारं, आखूड बांध्याचं तट्टूच हवं. माझ्या मते ही जात राजाच्या हौसेने नाही, शिलेदाराच्या खिशाने घडवली.

यावर कुणिगलचा दाखला देतात. बंगळूरपासून सत्तरेक किलोमीटरवरच्या त्या पैदास केंद्राचं नातं टिपूच्या घोडदळाशी सांगतात. तेव्हा म्हैसूरचा घोडा अरबी वळणाचा, असा युक्तिवाद. पण चौल-दाभोळच्या बंदरांत अरबी घोडे उतरत होतेच, तेव्हा ते रक्त भीमथडीतही आलं असणार. शिवाय पैदास केंद्रातली उमदी जनावरं सरकारी पागेत जातात. शिलेदार आपलं जनावर बाजारात बघतो. 1817 मध्ये महिदपूरला हेच म्हैसुरी शिलेदार इंग्रजांच्या बाजूने होळकरांवर चालून गेले. माझा तर्क खरा असेल, तर त्या दिवशी भीमथडी भीमथडीवरच धावलं.

पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या, तट्टू धनगरांकडे राहिलं. दिवाळीनंतर त्यांचा वाडा, म्हणजे कुटुंब-कळपासह तळ, हलतो तेव्हा तट्टाच्या पाठीवर हंडे-भांडी, मेंढ्या कोंडायची वाघूर, वर बांधलेल्या कोंबड्या आणि चालता न येणारं कोकरू असतं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच त्याला देशी घोड्यांची आठवी जात म्हणून मान्यता दिली. उशिरा, पण योग्य.

आता दोनच मागण्या. वनखात्याने धनगरांच्या चराईच्या वाटा मोकळ्या ठेवाव्यात, कारण हे तट्टू तबेल्यात नव्हे, वाड्याबरोबर चालूनच टिकलं आहे. आणि बंगळूरच्या मराठी घराण्यांत कुणाकडे शिलेदारीचे जुने कागद असतील, तर त्यांनी ते अभ्यासकांना दाखवावेत. अशा कागदांत घोड्याचा रंग, खुणा आणि किंमत लिहून ठेवायची रीत होती.