अजिंठ्याचा मुक्काम आणि चित्रकाराची भाकरी

एखाद्या विद्यापीठाने चित्रकाराला वर्ष-सहा महिने आपल्या आवारात राहावयास बोलवावे, खोली द्यावी, जेवणाखाण्यापुरते मानधन द्यावे आणि ‘तुमचे काम करा’ एवढेच सांगावे, ही प्रथा आज जगात रुजली आहे. निवासी अधिछात्रवृत्ती असे तिचे भारदस्त नाव. कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्याने या विषयाला हात घालावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. परंतु प्रश्न शेवटी मजुरीचाच आहे. आणि त्याचा इतिहास आपल्या शहरापासून सुमारे शंभर किलोमीटरवर, अजिंठ्याच्या डोंगरात पडून आहे.

अजिंठ्याचे सोळावे लेणे पाचव्या शतकात वराहदेवाने कोरविले. तो वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री. त्याचे नाव शिलालेखात आहे, राजाची वंशावळही आहे. ज्या हातांनी तेथे छिन्नी आणि कुंचला चालविला, त्यांची नावे मात्र त्यात नाहीत. तरी एक गोष्ट उघड आहे. एवढे काम उपाशीपोटी होत नाही. कोणीतरी त्या कारागिरांना वर्षानुवर्षे धान्य पुरविले, म्हणूनच त्या भिंती बोलू लागल्या.

पुढे १८४४ साली कंपनी सरकारने मद्रास फौजेतील रॉबर्ट गिल यास या चित्रांच्या नकला करण्यासाठी अजिंठ्यास धाडले. वीसएक वर्षे तो या कामात होता. त्याची मोठाली तैलचित्रे लंडनला गेली आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यांपैकी बहुतेक जळाली.

मग मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची पाळी आली. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन थंडीच्या दिवसांत अजिंठ्यास मुक्काम करू लागले. मध्ये खंड पडला, तरी १८८५ पर्यंत हे काम चालले. पेस्तनजी बोमनजी, जगन्नाथ अनंत अशी आपल्याच मातीतील पोरे अंधाऱ्या लेण्यांत उभी राहून रेषा गिरवीत होती. चित्रे उठून दिसावीत म्हणून तेव्हा भिंतींवर व्हार्निश चढविले गेले आणि त्याने मूळ रंगांचे नुकसान झाले, हेही सांगितले पाहिजे. या नकलांपैकीही बऱ्याच १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या.

मग हा सारा खर्च पाण्यात गेला काय? सरकारी वहीत तसेच दिसेल. पण पेस्तनजी पुढे नामांकित व्यक्तिचित्रकार झाले. कापड जळाले, हात शिल्लक राहिला.

तिसरा मुक्काम १९०९ ते १९११ या काळातला. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने हे काम अंगावर घेतले. तिच्या मदतीस कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि वेंकटप्पा हे तरुण आले. निजामाच्या राज्यातून सय्यद अहमद व महंमद फजलुद्दीन आले. या नकलांचे पुस्तक १९१५ साली लंडनला निघाले. आज ते ग्रंथालयांच्या कपाटात असेल. पण सय्यद अहमद पुढे त्याच लेण्यांचे क्युरेटर झाले. नंदलाल शांतिनिकेतनच्या कलाभवनात गुरू होऊन बसले, आणि त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी आपल्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत सजविली. तीत बुद्धाच्या जीवनातील प्रसंगही आहे. ज्या बाबासाहेबांनी १९५० साली आपल्या शहरात महाविद्यालय उभे केले, त्यांनी घडविलेल्या ग्रंथाला अजिंठ्यात तयार झालेला हात लागला. दोन हिवाळ्यांच्या शिध्याचे याहून मोठे व्याज कोणते?

आता आमचाही एक हिशेब येथे मांडतो. वाळूजच्या कामगारांत आम्ही नुकते काम करू लागलो होतो. एका संपात एक तरुण पेंटर रात्र रात्र जागून आमचे फलक रंगवीत असे. संप मिटल्यावर मंडपवाल्याचे पैसे आम्ही चुकते केले, लाउडस्पीकरवाल्याचेही केले. त्याला मात्र चहा पाजला, पाठ थोपटली. ‘किमान वेतन मिळालेच पाहिजे’ ही अक्षरे ज्याने काढली, त्याला आम्ही किमान वेतन दिले नाही. त्याच्या वहीत कामगारांचे चेहरे होते. फार जिवंत होते. पुढे तो दुकानांच्या पाट्या रंगविण्यात गुंतला आणि चेहरे काढणे सुटले. हे आठवले की आजही आमची मान खाली जाते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. १९५८ साली स्थापन झालेले आपले विद्यापीठ बौद्ध लेण्यांच्या डोंगराच्या पायथ्याशीच वसले आहे. तेथे उजेडाची एक खोली राखावी. दरवर्षी एका चित्रकाराला तेथे ठेवून घ्यावे आणि कुशल कारागिराला शोभेल असे मानधन महिन्याच्या महिन्याला द्यावे. वर्षअखेर किती चित्रे झाली याची मोजदाद मागू नये. विद्यार्थ्यांना त्याच्याजवळ बसू द्यावे, एवढी अट पुरे. खर्चाचा भार एकट्या विद्यापीठावर टाकण्याचेही कारण नाही. व्याख्यानमालेसाठी आपण नागरिक वर्गणी काढतोच. तीत आणखी एक पावतीपुस्तक छापावे. पहिली पावती आमच्या नावाने फाडावी. जुने देणे आहे.