निवडक परवाना योजना (इंग्लंड)

निवडक परवाना योजना ही इंग्लंडमधील खाजगी भाड्याच्या घरांवर स्थानिक पातळीवर नियंत्रण ठेवण्याची एक कायदेशीर पद्धत आहे. गृहनिर्माण कायदा, २००४ च्या तिसऱ्या भागानुसार स्थानिक परिषदेला आपल्या हद्दीतील एखादा भाग ठरवून तेथील प्रत्येक खाजगी घरमालकाला परवाना घेणे बंधनकारक करता येते. अशी योजना जास्तीत जास्त पाच वर्षांसाठी असते. योजना लागू करण्याचा अंतिम अधिकार परिषदेचा की केंद्र सरकारचा, हा तिच्या इतिहासातील मुख्य वादविषय आहे.

पार्श्वभूमी

१९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने नव्या भाडेकरारांवरील भाडेनियंत्रण संपुष्टात आणले. याच कायद्याच्या कलम २१ नुसार, कराराची मुदत संपल्यावर घरमालकाला कोणतेही कारण न देता दोन महिन्यांच्या नोटिशीने घराचा ताबा मागता येऊ लागला. त्यानंतर खाजगी भाड्याच्या घरांची संख्या वाढत गेली आणि आज इंग्लंडमधील सुमारे एक-पंचमांश कुटुंबे अशा घरांत राहतात.

घरातील ओल, बुरशी किंवा सदोष वीजजोडणी यांविषयी परिषदेकडे तक्रार केल्यास घर सोडावे लागेल, अशी भीती भाडेकरूंना वाटत असे. त्यामुळे केवळ तक्रारींवर अवलंबून असलेली तपासणी अपुरी ठरत होती. परवाना पद्धतीत भाडेकरूने तक्रार केली नाही तरी परिषदेला भाड्याची घरे व त्यांचे मालक यांची माहिती मिळते आणि अटींचे पालन तपासता येते.

तरतुदी

घरांना असलेली कमी मागणी किंवा परिसरातील समाजविघातक वर्तन ही मूळ कायद्यात योजना लागू करण्याची कारणे होती. २०१५ मध्ये त्यांत घरांची निकृष्ट अवस्था, मोठ्या प्रमाणावरील स्थलांतर, वंचितता आणि गुन्हेगारी या कारणांची भर पडली. योजनेपूर्वी रहिवासी, भाडेकरू व घरमालक यांचे म्हणणे ऐकून घेणे आवश्यक असते.

परवाना मिळण्यासाठी अर्जदार 'योग्य व पात्र व्यक्ती' असावा लागतो. गॅस उपकरणांचे वार्षिक सुरक्षा प्रमाणपत्र, धुराची सूचना देणारी यंत्रे, सुरक्षित विद्युत उपकरणे व फर्निचर आणि भाडेकरूला कराराच्या लेखी अटी देणे, या परवान्याच्या सक्तीच्या अटी आहेत. परवान्याविना घर भाड्याने देणे हा गुन्हा आहे. अशा घरमालकाला दंड होऊ शकतो, तसेच भाडेकरूला भरलेले भाडे परत मिळवण्यासाठी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो.

केंद्र सरकारची भूमिका

आरंभी प्रत्येक योजनेला केंद्र सरकारची मंजुरी लागत असे. २०१० मध्ये सरकारने सर्वसाधारण मान्यता देऊन परिषदांना स्वतः निर्णय घेण्याची मुभा दिली. तिचा उपयोग करून लंडनमधील न्यूहॅम परिषदेने १ जानेवारी २०१३ पासून संपूर्ण हद्दीत योजना लागू केली.

१ एप्रिल २०१५ पासून ही मुभा मर्यादित करण्यात आली. परिषदेच्या एकूण क्षेत्रफळाच्या किंवा तेथील खाजगी भाड्याच्या घरांच्या २० टक्क्यांहून अधिक भाग योजनेत येत असल्यास मंत्र्यांची मंजुरी आवश्यक ठरली. या बदलाचा परिणाम लिव्हरपूलमध्ये दिसून आला. त्या शहराची २०१५ मध्ये सुरू झालेली शहरव्यापी योजना २०२० मध्ये संपली आणि नव्या शहरव्यापी योजनेस सरकारने मंजुरी नाकारली. पुढे निवडक प्रभागांपुरती मर्यादित योजना मंजूर होऊन ती एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाली. मधल्या सुमारे दोन वर्षांत शहरात निवडक परवाना योजना अस्तित्वात नव्हती.

२३ डिसेंबर २०२४ पासून २० टक्क्यांची ही मर्यादा रद्द झाली. कायद्यातील निकष पूर्ण केल्यास आणि किमान दहा आठवडे जनमत अजमावल्यास परिषदांना आता कोणत्याही आकाराची योजना स्वतःच्या निर्णयाने राबवता येते.

मतमतांतरे

कायदा पाळणारे घरमालक शुल्क भरतात, तर कायदा मोडणारे दडून राहतात आणि शुल्काचा भार अखेर भाड्यावर पडतो, असा आक्षेप घरमालकांच्या संघटना घेतात. परवान्यामुळे तपासणीसाठी निश्चित आधार व निधी मिळतो, असे समर्थक परिषदांचे म्हणणे आहे. सरकारने करवून घेतलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र आढाव्यानुसार, इतर उपायांची जोड दिल्यास ही पद्धत परिणामकारक ठरू शकते. एकाकीपणे राबवल्यास तिचा उपयोग मर्यादित राहतो. घरमालकांच्या राष्ट्रीय नोंदणीचा विचार करावा, अशी शिफारसही त्यात होती.

इतर प्रदेश व पुढील बदल

स्कॉटलंडमध्ये २००६ पासून घरमालकांची नोंदणी सक्तीची आहे. वेल्समध्ये २०१५ पासून 'रेंट स्मार्ट वेल्स' ही व्यवस्था संपूर्ण प्रदेशासाठी काम करते. इंग्लंडमध्ये २०२५ च्या 'रेंटर्स राइट्स अॅक्ट'ने कलम २१ रद्द करण्याची आणि खाजगी घरमालकांची राष्ट्रीय नोंद ठेवण्याची तरतूद केली आहे. अशा नोंदीतून घरमालक कोण हे कळेल. प्रत्यक्ष घर राहण्यायोग्य आहे का, याची तपासणी मात्र स्थानिक परिषदांकडेच राहते.