बोटीवरच्या माणसाचा कागद



मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या काही घरांत माळ्यावर एक पत्र्याची पेटी असते. आजोबा किंवा पणजोबा 'बोटीवर' होते, ही त्यांची पेटी. तळाशी एक छोटं पुस्तक असतं. कुठल्या बोटीवर कधी चढले, कधी उतरले, वागणूक कशी होती, सगळं इंग्रजीत, शिक्क्यांसकट. घरात कुणी ते वाचलेलं नसतं, पण टाकूनही दिलेलं नसतं. आजची गोष्ट त्या पुस्तकाची आहे. एके काळी विलायतेत ते दाखवूनही आपला माणूस 'परका' ठरत होता.

आखातात व्हिसा नाही, कफील पासपोर्ट देत नाही, ही बोलणी आपल्याकडे आता रोजची झाली आहेत. आपल्याला वाटतं, हे दुखणं तेलाच्या पैशाबरोबर आलं. पण परमुलखात राबायचं आणि तिथल्या कायद्याने मात्र उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे आपल्या किनाऱ्याला दोनशे वर्षांपासून माहीत आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रजी जहाजावर तीन चतुर्थांश खलाशी इंग्रजच हवेत, असा इंग्लंडचा जुना नियम होता. इथून माल घेऊन जाताना माणसं कमी पडली की आपले खलाशी घ्यायचे. त्यांना 'लस्कर' म्हणत; आपल्या 'लष्कर' शब्दाचाच हा भाऊ. लंडनला माल उतरला की यांची गरज संपे, आणि ही माणसं थंडीत बिनपैशाची गोदीत पडून राहत. मग १८२३ साली कायदा आला. हिंदी खलाशी इंग्रजांच्याच मुलखात जन्मलेला असला, तरी जहाजाच्या हिशेबात त्याला 'ब्रिटिश खलाशी' धरायचं नाही, आणि त्याला परत पाठवण्याची जबाबदारी जहाजवाल्यांची. परत पाठवणं ही दया होती की हाकलणं? मला विचाराल तर दोन्ही, आणि दुसरं जास्त.

पुढे आगबोटी आल्या आणि खलाशांची मागणी वाढली. पी अँड ओ सारख्या कंपन्यांच्या बोटींवर डेकच्या कामाला रत्नागिरीची आणि आपल्या कोलाबा जिल्ह्याची माणसं असत. (रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१ पासूनचं.) सारंग हा त्यांचा मुकादम, त्याच्या हाताखाली तांडेल. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्रजी बोटींवर असे सुमारे ५० हजार हिंदी खलाशी होते. पगार गोऱ्या खलाशाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतका. झोपायच्या जागेचाही कायदा होता: गोऱ्याला १८९४ च्या कायद्याने ७२ घनफूट, लस्कराला ३६. त्याच कायद्यात आणखी एक मेख होती. लस्कराचा करारच असा करता येई, की त्याने हिंदुस्थानातल्या बंदराला परत आलंच पाहिजे. म्हणजे विलायतेत उतरून तिथल्या पगारावर दुसरी बोट धरायची वाट बंद.

तरी काहीजण उतरलेच. कार्डिफ, लिव्हरपूल, ग्लासगो अशा बंदरांत राहिले, काहींनी तिथे संसारही मांडले. युद्ध संपलं, बोटी कमी झाल्या, आणि १९१९ साली कार्डिफ-लिव्हरपुलात काळ्या-सावळ्या खलाशांवर जमाव धावून गेले. त्यानंतर १९२५ चा हुकूम निघाला. त्याच्या नावातच 'रंगीत परदेशी खलाशी' असे शब्द होते. अशा खलाशाने पोलिसांत नोंदणी करायची. आपण ब्रिटिश प्रजा आहोत हे ज्याला कागदाने सिद्ध करता येईल, तोच सुटेल.

आणि कागद कुठला? खलाशाला पासपोर्ट लागतच नसे. त्याच्यापाशी होतं ते हेच पेटीतलं पुस्तक, आणि पोलीस म्हणत, हा पुरावा नव्हे. राज्य ब्रिटिशांचं, बोट ब्रिटिशांची, तरी बंदरावर कितीतरी हिंदी माणसांची नोंद 'परदेशी' म्हणून झाली.

आपल्या दक्षिण भागाची तर आणखी पंचाईत. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन हा सगळा मुलूख तेव्हा जंजिरा संस्थानात, सिद्दी नवाबाच्या राज्यात. संस्थानची माणसं कायद्याने 'ब्रिटिश प्रजा' नव्हेत, 'ब्रिटिश संरक्षित'. त्यामुळे अलिबागचा माणूस आणि मुरूडचा माणूस एकाच बोटीवर, एकाच पगारावर असले, तरी कागदावर मुरूडवाला एक पायरी खाली. घरांमधलं अंतर एका खाडीचं! संस्थान विलीन झालं ते १९४८ मध्ये.

१९३५ साली तिकडच्या सरकारने मंदीतल्या जहाजवाल्यांना पैसे द्यायचा कायदा केला आणि ब्रिटिश खलाशांना आधी घ्या असा आग्रह धरला. कार्डिफमध्ये त्याचा फटका पुन्हा सावळ्यांनाच बसला. मग दुसरं महायुद्ध आलं, माणसं लागली. १९३९ मध्ये हिंदी खलाशांनी ठिकठिकाणच्या बंदरांत पगारवाढीसाठी संप केले आणि वाढ मिळवली. १९२५ चा हुकूम १९४२ मध्ये रद्द झाला. त्या युद्धात साडेसहा हजारांच्या आसपास हिंदी खलाशी गेले. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे. ज्यांची कबर समुद्रच, त्यांचं.

या सगळ्या कायद्यांत त्याची बायको कुठेच नाही. भात लावलं तिने, सावकाराला तोंड दिलं तिने, मनीऑर्डरची वाट पाहिली तिने. कायद्यात बाई आली ती आखाताच्या काळात.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि आपली माणसं कुवेत, सौदी, बहारीनकडे वळली. तिथे कामाचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला. बायको-मुलांना न्यायचं तर पगाराची अट. कुवेतने २०१६ मध्ये ती २५० दिनारांवरून ४५० वर नेली. सौदीने जुलै २०१७ पासून सोबतच्या प्रत्येक माणसामागे दरमहा १०० रियाल लावले आणि दरवर्षी वाढवत २०२० मध्ये ४०० केले. बायको आणि तीन मुलं म्हटली तर महिन्याला १६०० रियाल. पुष्कळ कुटुंबं तेव्हाच परत आली.

आता आपल्याच देशाचा नियम पाहा. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली, दहावी न झालेल्या माणसाला आखातासारख्या ठरावीक देशांत कामाला जायला सरकारी मंजुरी लागते. अशा बाईचं वय तर ३० पूर्ण हवं. घरकामाला गेलेल्या मुलींचे हाल झाले, म्हणून ही अट. हेतू चांगला. पण २५ वर्षांच्या विधवेला पैसे हवेतच, म्हणून ती एजंटाच्या सांगण्यावरून फिरायच्या व्हिसावर जाते. तिथे काही झालं तर तिची नोंद कुठेच नसते. १८२३ चा कायदाही 'तुमच्या भल्यासाठी' म्हणूनच आला होता. अट काढा, असं मी लगेच म्हणणार नाही. पण दार बंद केलं की माणसं खिडकीतून जातात, हे दिल्लीत कुणीतरी सांगायला हवं.

मंजुरी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावी लागते. हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाख. पॉलिसीची एक प्रत घरी ठेवून घ्या. आणि नोंदणीकृत एजंटाला ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. लाख-दीड लाख मागणाऱ्याला त्याचा परवाना दाखवायला सांगा.

तुमच्या घरी ती पेटी असेल, तर आतलं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून केंद्रावर आणा. आम्ही त्याचे फोटो काढू, वाचून दाखवू आणि पुस्तक तिथल्या तिथे परत देऊ. वाळवीने खाल्लेलं असलं तरी आणा.